ओसरी गेली, हॉल आला

परवा संध्याकाळच्या शिकवणीत मुलींना एक साधे पद सांगत होतो. पदात ओसरी हा शब्द आला. समोर बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने तंबोऱ्यावरचा हात थांबवला आणि विचारले, "सर, ओसरी म्हणजे बाल्कनी का?" मुलगी काचीगुड्याच्या मराठी घरातली, घरी मराठीच बोलणारी. मी म्हटले, "नाही ग. ओसरी घराच्या पुढल्या अंगाला असते. वर छप्पर, पुढून मोकळी, येणाराजाणारा घटकाभर टेकेल अशी." तिने क्षणभर विचार केला आणि चेहरा एकदम उजळला. "कळलं सर! म्हणजे पार्किंग!"

वर्ग हसला, मीही हसलो. पद पुढे गेले. पण रात्री जेवताना ती गोष्ट मनातून जाईना, म्हणून मी माझ्याच घरात एक फेरी मारून पाहिली. दारातून आत येतो तो हॉल. डावीकडे किचन. किचनमध्ये प्लॅटफॉर्म, सिंक आणि शेल्फ. पुढे बेडरूम, तिला लागून बाथरूम. देव ठेवले आहेत ती फळी, तिला आमच्याकडे पूजा रूम म्हणतात. ती रूम नाही, भिंतीतले एक कपाट आहे. मी मराठीत गाणे शिकवणारा माणूस, वडील दरबारी सतारिये, आई नांदेडकडची. आणि घरात अस्सल आपले म्हणावे असे दार, खिडकी आणि भिंत एवढेच शब्द वापरात उरले आहेत. तेव्हा त्या मुलीला हसण्याचा अधिकार मला नव्हता.

या विषयावर लिहू लागले की पहिली हाकाटी होते ती परकीय शब्दांविरुद्ध. तिच्यात मला सामील व्हायचे नाही. परकीय म्हणून शब्द हाकलायचे ठरवले तर मराठी घराचे निम्मे सामान रस्त्यावर येईल. दरवाजा फारसी, पडदा फारसी, दिवाणखाना फारसी. हौद अरबीतून आला. मजला हा मंजिलचा भाऊ. गच्चीतला गच म्हणजे फारसीतला चुना. चावी, पिंप, घमेले ही पोर्तुगिजांची देणगी. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या सुमारास राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात तेराशेहून अधिक यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्यकारभारापुरता त्याचा उपयोग झाला असेल. पण घराचा दरवाजा दरवाजाच राहिला. उलट बाजूचा दाखला आमच्या हैदराबादचा. १९१७ साली इथे भाषांतरखाते निघाले, पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले, आणि वैद्यकापासून स्थापत्यापर्यंत सगळ्या विद्यांसाठी उर्दू शब्द घडवण्यात आले. मोठ्या विद्वानांनी मोठ्या कष्टाने केलेले ते काम. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि त्यातले पुष्कळसे शब्द पुस्तकांच्या पानांतच राहिले. यावरून मी एवढेच शिकलो की शब्द फर्मानाने येत नाहीत आणि फर्मानाने जात नाहीत. ते तोंडात राहिले तरच राहतात.

शिवाय इंग्रजीला तरी आपण परके कसे म्हणावे? हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी १८८६ साली इंग्रजीत गेलेल्या आपल्याकडच्या शब्दांचा कोश काढला. त्याचे नाव हॉब्सन-जॉब्सन. मोहरममधल्या "या हसन, या हुसेन" या आक्रोशाचे गोऱ्या सोल्जरांनी केलेले ते रूप. ज्या शहराने दरसाल बीबी का अलम पाहिला आहे, त्याला हे नाव समजावून सांगायला नको. त्या कोशात बंगला आहे. बंगालच्या धर्तीचे घर म्हणून ते नाव पडले, इंग्रजाने उचलले आणि जगभर नेले. व्हरांडाही इथूनच इंग्रजीत गेला. तो आपला की पोर्तुगिजांचा, यावर पंडितांचे अजून एकमत नाही. सगळ्यांत गमतीची गोष्ट खाटेची. आमची खाट इंग्रजाने नेली, तिची कॉट केली आणि परत आणून दिली. आता आम्ही खाट म्हणायला लाजतो आणि कॉट मात्र ऐटीत म्हणतो!

आमच्या शहरात तर या देवघेवीच्या खुणा रस्तोरस्ती आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक साहेबाने इंग्रज वकिलातीसाठी जो प्रासाद बांधला, त्याला लोकांनी कोठी म्हटले. वकिलात गेली, तिथे पुढे मुलींचे कॉलेज आले, पण सगळा भाग आजही कोठी याच नावाने ओळखला जातो. इंग्रजाच्या घराला आम्ही आमचे नाव दिले ते असे. दुसरीकडे किंग कोठी पाहा. ते घर मूळचे कमाल खान नावाच्या गृहस्थाचे. त्याने दाराखिडक्यांवर आपल्या नावाची दोन इंग्रजी आद्याक्षरे कोरली होती, आणि निजामाने घर घेतल्यावर ती अक्षरे पुसण्याऐवजी त्यांत बसेल असे नाव शोधले, असे शहरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. अर्धे इंग्रजी, अर्धे आपले. आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

म्हणून नवी वस्तू नव्या नावाने आली तर माझी तक्रार नाही. लिफ्टला उद्वाहक म्हणून कोणी वर गेलेला मी पाहिला नाही. फ्रिज, गिझर, गॅस यांना सुखाने नांदू द्यावे. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती माझ्या धंद्यातल्या दाखल्याने सांगतो.

हार्मोनियम हे वाद्य परदेशी. १८४० च्या सुमारास फ्रान्समध्ये जन्मले, इथे येऊन मांडीशी बसले. त्यावर श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्याला बंदी केली. ती १९७१ पर्यंत चालली. तेवढ्या वर्षांत हार्मोनियम काही मेले नाही. घराघरांत वाजत राहिले, आणि आज ते परदेशी आहे हे सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही. मी स्वतः पेटी घेऊनच शिकवतो. पण पेटीबरोबर तंबोरा लावलेला असतो. पेटीच्या दोन पट्ट्यांमधला जो सूर तिला सापडत नाही, तो तंबोऱ्यामुळे कानात राहतो. पेटी आली याचे दुःख नाही. तंबोरा कोपऱ्यात गेला तर मात्र कान बिघडतो.

फारसी शब्द आले ते पेटी तंबोऱ्याशेजारी बसावी तसे बसले. दरवाजा आला, तरी दार राहिले, कवाडही राहिले. आणि तिन्हींचा उपयोग वेगळा राहिला. दिवाणखाना आला म्हणून ओसरी उठून गेली नाही. इंग्रजी शब्द असे बसत नाहीत. एक हॉल आला आणि ओसरी, पडवी, ढाळज, बैठक अशी चार माणसे उठून गेली. माझ्या आईच्या फडताळात पळी वेगळी, डाव वेगळा, झारा वेगळा, उलथने वेगळे. पळीने फोडणी, डावाने वरण, झाऱ्याने तळण, उलथन्याने थालीपीठ. आता तरुण घरांत सगळ्यांना मिळून स्पून. वस्तू तशाच आहेत, खुंटीला टांगलेल्या आहेत. फक्त त्यांच्यातला फरक बोलता येत नाही. यमन आणि भूप यांना दोघांनाही "संध्याकाळचे गाणे" म्हणावे, तशातला हा प्रकार.

घर मोजण्याचेच पाहा. आपल्याकडे घर खणांनी मोजत. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. लाकूड जेवढे लांब, तेवढा पसारा. पाच खणांची ओसरी, सात खणांचे माजघर असे म्हटले की सुताराला, गवंड्याला आणि सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्याला, तिघांनाही घर डोळ्यांपुढे दिसे. आता घर टू बीएचके असते. हे माप गवंड्याचे नाही, विकणाऱ्याचे आहे. आढे कशावर उभे आहे ते खण सांगत होता. किती दारे आतून बंद होतात ते बीएचके सांगते. त्यात ओसरीला जागा नाही, कारण ओसरीला बंद करण्याजोगे दारच नसते.

आणि देवडी? हा शब्द तर आमच्या शहराचा. पुण्याकडच्या किंवा किल्ल्यांवरच्या मराठीत देवडी म्हणजे दरवाजाच्या आत पहारेकऱ्याला बसायला केलेली जागा. हैदराबादेत अमिराच्या सबंध वाड्यालाच देवडी म्हणत आले. उंबऱ्याचा शब्द आत शिरून सगळे घर व्यापून बसला. बाहेरच्या माणसाला अमिराचे घर उंबऱ्यापुरतेच दिसे, म्हणून तसे झाले असेल, असे मला आपले वाटते. त्या देवड्यांपैकी बऱ्याच आता पडल्या; जिथे होत्या तिथे दुकाने आणि अपार्टमेंट आहेत. बडे गुलाम अली खाँसाहेब १९६८ साली ज्या बशीरबाग पॅलेसमध्ये वारले, तो पॅलेसही उरला नाही. बसच्या पाटीवर बशीरबाग उरले आहे.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. लेख असाच संपवला असता तर वाचकांनी मान डोलावली असती. पण ते खोटे झाले असते, कारण या सगळ्यावर माझ्या वडिलांचे मत माझ्या उलट होते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, आजोबांच्या मागोमाग लहानपणीच एका अमिराच्या दरबारी चाकरीला लागले. अमिराचे नाव घेत नाही. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, तरी देवडीतल्या बैठका पुढे काही वर्षे रखडत चालू होत्या. अण्णा सतार वाजवीत. देवडीच्या मोठ्या दरवाजाने त्यांना कधी आत जाता आले नाही. वादकांसाठी बाजूची दिंडी होती. आत गेल्यावर दालानात बसून राहायचे. बोलावणे आले की दिवाणखान्यात, वाजवून झाले की पुन्हा दालानात. जेवण शागिर्दपेशात, नोकरांच्या पंगतीला. शागिर्द म्हणजे शिष्य. आमच्या विद्येतला केवढा मानाचा शब्द! पण देवडीच्या नकाशात शागिर्दपेशा म्हणजे नोकरांच्या खोल्या. त्या घरातल्या प्रत्येक सुंदर शब्दाला एक पायरी होती, आणि माणसाने कुठल्या पायरीवर थांबायचे ते त्या शब्दाने ठरत असे.

मी त्यांचे उतारवयातले अपत्य. मी नऊदहा वर्षांचा असताना शिकवण्यांच्या पैशांतून आणि बँकेच्या कर्जातून अण्णांनी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आई पुढच्या खोलीला बैठकीची खोली म्हणे. अण्णा हट्टाने हॉल म्हणत. मराठी शाळेत शिकलेला मी, एकदा शहाणपणाने म्हणालो, "अण्णा, हॉल काय म्हणता? बैठक म्हणा ना." अण्णा सतारीच्या खुंट्या पिळत होते. वर न बघता म्हणाले, "बैठकीत जायला मला बोलावणं लागायचं रे. हॉलमध्ये मी आपला बसतो."

त्या वेळी मला ते नीट कळले नाही. आज अण्णा नाहीत, पण ते वाक्य माझ्या प्रत्येक युक्तिवादाला आडवे येते. आईलाही मी एकदा माजघराबद्दल विचारले. माजघर हा मला फार गोड वाटणारा शब्द. मध्यगृहापासून घरंगळत आलेला. आई म्हणाली, "आमच्या माजघराला खिडकीच नव्हती. दुपारीसुद्धा दिवा लागायचा. बारा बाळंतपणं झाली त्या खोलीत आमच्या घरात." तिला किचनची खिडकी आवडते. जुन्या शब्दांचे गोडवे गाणारे आपण बहुतेक ओसरीवर बसणाऱ्यांचे वंशज असतो, किंवा तसे मानून चालतो. शागिर्दपेशात जेवलेल्याला आणि माजघरात कोंडलेलीला हॉल आणि किचन या शब्दांत थोडी हवा लागली असेल, तर ती हवा नाकारण्याचा हक्क मला नाही.

मग माझे म्हणणे उरले काय? उरते, आणि ते आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांपुरते आहे.

१९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आम्ही इथे राहिलो. ज्या शहरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकरांच्या पिढीने विवेकवर्धिनी काढली, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, त्या शहरात मराठी ही आता कचेरीची भाषा नाही, कोर्टाची नाही, दुकानाच्या पाटीची नाही. बाहेर पडलो की तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी. त्यात वाईट काही नाही. या चार भाषांनी आम्हाला पोसले आहे. पण मराठीला इथे राहायला घर सोडून दुसरी जागा नाही. पुण्याच्या माणसाने किचन म्हटले तर त्याची मराठी वर्तमानपत्रात, विधानसभेत, एस.टी.च्या स्टँडावर आपली चालूच असते. आम्ही किचन म्हटले, बाऊल म्हटले, बेडशीट म्हटले, की आमच्या मुलांना मराठी ऐकू येण्याची जी एकच जागा, तिथूनही ती उठते. मग उरते ती गणपतीची आरती आणि लग्नातली मंगलाष्टके. भाषा सणासुदीला नेसायचे लुगडे झाली की तिची घडी मोडायला माणसे भितात.

म्हणून मी उद्वाहक मागत नाही, माजघर तर मुळीच मागत नाही. वस्तू घरात आहे आणि तिचे नाव आईला ठाऊक आहे, तिथे ते नाव तोंडात ठेवा, एवढेच मागतो. वाटी समोर आहे, तिला वाटी म्हणा. चादर, उशी, ताट, पळी, डाव, कोनाडा, खुंटी, उंबरा. आणि मुलांनी इंग्रजी शब्द वापरला तर त्यांना दटावू नका. दटावलेले मूल गप्प बसते, मराठी बोलत नाही. आपण आपला शब्द त्याच्या शब्दाशेजारी वापरावा. पेटी वाजू द्यावी, तंबोरा लावून ठेवावा. आमच्या विद्येने तरी हेच केले आहे. सतारीच्या पट्ट्यांना पडदे म्हणतात, तारा आवळतो त्या खुंट्या, पिढीजात गायकीला म्हणतात घराणे, आणि मैफलीला बैठक. घर पडले तरी घरातले चार शब्द वाद्याच्या लाकडात सुरक्षित राहिले, कारण कुणी तरी ते रोज हाताळत होते.

आता त्या मुलीच्या पार्किंगची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली उतरलो आणि आमच्या इमारतीचे पार्किंग नीट पाहिले. वर छप्पर, पुढून मोकळे. दोन म्हातारे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते. वॉचमनच्या बायकोने भाजी निवडायला घेतली होती. कुरियरवाला घाम पुसत टेकला होता, त्याला कोणी पाणी दिले होते. कुणाला आत यायला बोलावणे लागले नव्हते. मुलीने उत्तर चुकवले असे मला आता म्हणवेना. ओसरी कशासाठी असते ते तिने बरोबर ओळखले होते. नुसते नाव तिच्यापर्यंत पोचले नव्हते, आणि ते पोचवायचे काम माझे होते.

गेल्या महिन्यापासून मुलांचे गाणे मी तिथेच ठेवतो. दोन मोटारी बाजूला काढतात, सतरंजी पसरतो. पहिल्या दिवशी सूचनेच्या फळ्यावर लिहिले, "रविवारी सहा वाजता, ओसरीवर." दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू आजींनी शेजारच्या मुलाकडून ते वाचवून घेतले आणि मला विचारले, ओसरी म्हणजे काय. मी हाताने दाखवले. "अच्छा, वसारा!" त्या म्हणाल्या. "आमच्या गावी सगळ्या घरांना असायचा." हिंदीत ओसारा, तेलुगूत वसारा, मराठीत ओसरी, हा एकच शब्द तीन घरांतून निघून आमच्या पार्किंगमध्ये भेटला.

अण्णा असते तर त्यांना ही जागा आवडली असती असे वाटते. इथे येऊन बसायला दिंडी नाही, दालान नाही, बोलावणेही नाही. त्या रविवारी मुलीने तेच पद म्हटले. ओसरी या शब्दावर ती थांबली नाही.